खोट्या सोन्यांतील खरें सोनें



खाणींत सोनें शोधूं जाणाऱ्या नवशिक्यास एका पिवळ्या, चकाकणाऱ्या खनिजानें आजवर अनेकदां फसविलें आहे. त्याचें नांव पायराइट. लोखंड व गंधक यांच्या संयोगानें तें बनतें. परंतु मौज अशी कीं, कांहीं पायराइटांत खरोखरच सोनें असतें. मात्र तें साध्या सूक्ष्मदर्शकासही दिसत नाहीं. तें कोठें दडलें आहे हें शोधण्याची एक रीत आज मी आपणांस सांगणार आहें.

कोणी म्हणेल, दगड कुटून त्याची पूड करावी आणि तींत सोनें किती तें मोजावें. ही जुनी रीत उपयुक्त खरी. परंतु ती 'किती' एवढेंच सांगते, 'कोठें' तें सांगत नाहीं. गांवांत एकंदर धान्य किती, हें कळल्यानें तें एकाच सावकाराच्या कोठारांत आहे कीं घरोघरच्या कणग्यांत, हें थोडेंच कळतें?

१९८५ सालीं इंग्लंडांत ॲलन ग्रे यांनीं अणूंचें वजन ओळखणाऱ्या यंत्रास लेसरची जोड दिली. खनिजाचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा बंद पेटींत ठेवतात. त्यावर लेसरचा झोत पडतांच केसाहूनही बारीक ठिपक्यावरील द्रव्याची धूळ उडते. हेलियम वायु ती वाहून नेतो व आर्गॉन वायूच्या हजारों अंश तापलेल्या ज्योतींत सोडतो. तेथें अणु सुटे होऊन विद्युद्भारित होतात. मग यंत्र त्यांस वजनाप्रमाणें निवडतें : ७५ वजनाचा तो आर्सेनिकचा, १९७ वजनाचा तो सोन्याचा. दशलक्ष भागांत एखादा भाग असला तरी तो सुटत नाहीं. शेतांत नांगराचीं तासें धरावीं तसा हा झोत ओळीमागून ओळ फिरवितात, आणि प्रत्येक मूलद्रव्याचा वेगळा नकाशा तयार होतो.

सैबेरियांत सुखोई लोग नांवाचें सोन्याचें विशाल क्षेत्र आहे. तेथील पायराइटाचे असे नकाशे ऑस्ट्रेलियांतील टास्मानिया विद्यापीठाचे रॉस लार्ज व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत दिसलें कीं, आर्सेनिक व सोनें गाभ्यांत एकत्र नांदतात, तर मागाहून वाढलेल्या कडा त्या मानानें रित्या आहेत. गाभा वाढला तो प्राचीन समुद्रतळाच्या चिखलांत. पुढें उष्णतेनें व दाबानें पायराइट नव्यानें घडलें, तेव्हां सोनें बाहेर पडून फटींत बारीक कणांच्या रूपानें सांचलें. म्हणजे सोनें मागाहून बाहेरून आलें असेंच मानण्याचें कारण उरलें नाहीं. तें मूळच्या चिखलांतच होतें, असा त्यांचा निष्कर्ष.

ह्या ज्ञानाचा व्यवहाराशीं निकट संबंध आहे. फटींतील मोकळें सोनें सायनाइडच्या द्रावांत सहज विरघळतें. खनिजाच्या घडणींतच अडकलेलें सोनें त्यास दाद देत नाहीं. तें सोडविण्यास खनिज भाजावें, तर आर्सेनिकचा सोमल होऊन धुराबरोबर निघतो. कॅनडांत यलोनाइफजवळच्या जायंट खाणींत अशा भाजणींतून निघालेला सुमारें २,३७,००० टन सोमल जमिनीखालीं सांठविलेला आहे. खाण २००४ सालीं बंद झाली. विषाचा पहारा मात्र संपलेला नाहीं.

म्हणून भट्टी पेटविण्यापूर्वीं दगडाचा नकाशा वाचावा, हें बरें. सोन्याच्या शेजारीं कोण बसलें आहे, हें आधीं कळलें तर पुढील पिढ्यांवरील मोठें ओझें टळूं शकेल.