नावात गाव, रंगात घर
(कलाप्रेमींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्याकडे आडनावाला 'कर' हा प्रत्यय लागला की मूळ पुरुष कुठला, हे वेगळे विचारावे लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस, कार्पेंटेरियाच्या आखातातील बेंटिंक बेटावरच्या कायाडिल्ट लोकांचा रिवाज याहूनही काटेकोर आहे. मूल जेथे जन्मते त्या जागेचेच नाव त्याला मिळते आणि पुढे कुलचिन्ह जोडले जाते. मिर्दिदिंगकी या खाडीकाठी १९२४च्या सुमारास जन्मलेल्या, डॉल्फिन हे कुलचिन्ह असलेल्या मुलीचे नाव म्हणूनच मिर्दिदिंगकिंगाथी जुवार्न्दा असे पडले. कलाजगत त्यांना सॅली गॅबोरी या नावाने ओळखते.

हे बेट सखल आहे. खडक, खारफुटी आणि चिखलवट यांनी वेढलेले. किनाऱ्यावर दगडांचे बांध रचलेले असत. भरतीचे पाणी मासळीसह बांधावरून आत येई. ओहोटीला पाणी निघून जाई, मासळी अडकून राही. या बांधांची निगा राखणे, हे तेथील पिढ्यान्‌पिढ्यांचे व्रत होते.

१९४८ साली हे जीवन खंडित झाले. आधी दुष्काळ पडला, मग समुद्राला असे उधाण आले की गोड्या पाण्याचे साठे खारावले. उरलेल्या साठ-पासष्ट माणसांना प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी मॉर्निंग्टन बेटावर नेले. प्राण वाचले, परंतु मुलांना आई-वडिलांपासून तोडून वसतिगृहात ठेवण्यात आले आणि त्यांच्या मातृभाषेवर बंदी आली. थोडक्या दिवसांसाठी म्हणून सोडलेले घर दशकानुदशके दुरावले.

सॅलीबाईंनी हाती कुंचला घेतला तो २००५मध्ये, वयाच्या ऐंशीच्या आसपास! कायाडिल्टांमध्ये चित्रकलेची परंपरा नव्हती. गिरवायला कुठलाही वारसाहक्काचा आकृतिबंध नव्हता. होती ती केवळ स्मृती. जेमतेम दशकभरात त्यांनी सुमारे दोन हजार चित्रे रंगविली. गुलाबी, पिवळे, निळे, शुभ्र असे रंगांचे मोठमोठे पट्टे पाहून प्रेक्षकाला ते अमूर्त भासतात. प्रत्यक्षात ती खाडीची मुखे आहेत, मिठागरे आहेत, मासळीचे बांध आहेत. 'थुंडी' हा वडिलांचा प्रदेश, 'डिबिर्डिबी' हा पतीचा. २००७मध्ये सात कायाडिल्ट स्त्रियांनी मिळून सुमारे सहा मीटर लांबीचे एक चित्र केले आणि त्याला 'डुल्का वार्न्गीड', म्हणजे 'सर्वांची भूमी', असे नाव दिले. २०१५मध्ये सॅलीबाई गेल्या. २०२२मध्ये पॅरिसच्या कार्तिये प्रतिष्ठानने त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले.

मित्रहो, येथे थोडे थांबून विचार करायला हवा. पॅरिसमधल्या कौतुकाने या कथेचा शेवट गोड झाला, असे मी मानत नाही. चित्र म्हणजे घर नव्हे. बेंटिंक बेटावरील कायाडिल्टांचा पारंपरिक हक्क न्यायालयाने २००८मध्ये मान्य केला खरा. पण साठ वर्षांच्या ताटातुटीत त्यांची कायार्डिल्ड भाषा अस्तंगत होण्याच्या वाटेवर होती. ती ओघवती बोलणाऱ्या अखेरच्या मोजक्या माणसांपैकी सॅलीबाई एक होत्या. त्या जागा त्यांच्या नावांनिशी ठाऊक असलेले कोणी उरले नसते, तर न्यायालयाचा कागद हाती असूनही भूमी मुकीच राहिली असती. सॅलीबाईंनी चित्रांना जागांची नावे देऊन नेमके हेच होऊ दिले नाही.

आपले गाव कोणी हिरावून घेतलेले नाही. तरीही शेताच्या तुकड्याला, ओढ्याच्या वळणाला, समुद्रातल्या खडकाला आजीच्या तोंडी असलेले नाव आपल्या मुलांना सांगता येईल का? येत्या सुटीत वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन गावाच्या शिवेवरून फिरा आणि ती नावे वहीत उतरवून घ्या. कुंचला प्रत्येकाच्या हाती नसतो. लेखणी मात्र प्रत्येक घरात आहे.