आपला पणजोबा कोठे सापडेल?

(खानदेशातील शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत केलेले भाषण)



आरंभी एक प्रश्न विचारतो. आपल्या पणजोबाचे नाव किती जणांस ठाऊक आहे? बरेच हात वर आले, आनंद वाटला. आता दुसरा प्रश्न. पणजीचे नाव किती जणांस ठाऊक आहे? पाहा, हात खाली गेले. बायामंडळींतलेही खाली गेले! आज आम्ही जे बोलणार आहो ते या दोन प्रश्नांच्या मधल्या अंतराविषयी आहे.

राजेरजवाड्यांच्या बखरी आहेत, सरदारांची कुळे छापून निघाली आहेत. ज्याने जमीन नांगरली, मोट हाकली, कापूस वेचला, त्याची बखर कोणी लिहिली नाही. पण त्याच्याविषयी एकही कागद नाही असे मात्र नाही. कागद पुष्कळ आहेत. फरक इतकाच की ते त्याच्या कौतुकासाठी लिहिलेले नाहीत, सारा वसूल करण्यासाठी लिहिलेले आहेत. ज्या बोरूने सारा मांडला, त्याच बोरूने नकळत आपल्या पूर्वजांची नावेही राखली. ती कशी शोधावी, हे आम्ही आमच्या स्वतःच्या घराच्या अनुभवावरून सांगतो.

आमच्या घरात अशी गोष्ट चालत आली होती की, आमचे पणजोबा गिरणाकाठचे मोठे कास्तकार होते, ते तरणेपणी साथीत गेले, आणि मग भाऊबंदांतील एका वडील माणसाने जमीन सांभाळून आमच्या आजोबांच्या हवाली केली. त्या भाऊबंदांच्या घराण्याचा आम्ही तीन पिढ्या मान राखला. लग्नकार्यात पहिला टिळा त्यांना. पणजीविषयी एवढेच सांगत की, ती फार बोलत नसे.

हे सारे पडताळून पाहावे म्हणून आम्ही निघालो. प्रथम वाटले, खानेसुमारी काढली की काम झाले. इंग्लंडात तसे होते. तिकडे १८४१ सालापासून घरोघरची माणसे नावानिशी लिहिलेली आहेत, आणि शंभर वर्षे झाली की ती पत्रके लोकांस खुली होतात. १९२१ ची पत्रके २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. लग्नांच्या नोंदी तर तिकडच्या देवळांत १५३८ पासून ठेवीत आले. तिकडचा शेतमजूरदेखील आपला खापरपणजा खुर्चीत बसून शोधतो.

आपल्याकडे काय? मुंबई इलाख्यात १८७२ साली गणती झाली, १८८१ साली साऱ्या देशात एकाच रात्री झाली, आणि पुढे दर दहा वर्षांनी होत राहिली. पण घरोघरी भरलेल्या चिठ्ठ्या बेरजा झाल्यावर राखल्या नाहीत. छापून राहिले ते आकडे: अमुक तालुक्यात इतके कुणबी, इतके तेली, इतके सुतार, इतक्या विधवा. १९४८ च्या कायद्याने तर एका माणसाची गणतीतली माहिती कोणास दाखवायचीच नाही असे ठरले. १९११ च्या गणतीत आमचे पणजोबा मोजले गेले असतील, १९२१ च्या गणतीत पणजी विधवांच्या रकान्यात पडली असेल. पण त्या बेरजेतला एक आकडा आपला, यापलीकडे हाती काही लागत नाही.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. १९५१ च्या गणतीच्या वेळी चिठ्ठ्यांवरून गावोगावची ‘नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर’ नावाची वही तयार करण्यात आली. तीत माणसे नावानिशी आहेत. जेथे ही वही शाबूत आहे, तेथे १९५१ साली हयात असलेली आजी, पणजी, आते, काका एका घराखाली सापडू शकतात. ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती अशा कारागिराला आणि मजुराला तर ही वही फार मोलाची आहे.

गणतीने हात टेकले तेव्हा आम्ही जमिनीकडे वळलो. येथे काही गोष्टी आधी समजून घ्या, नाहीतर आमच्यासारखी पायपीट होईल. पहिली गोष्ट जिल्ह्याची. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता व त्याचे ठाणे धुळे. त्या साली पूर्व व पश्चिम असे दोन झाले. तेच पुढे जळगाव व धुळे म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाला. तेव्हा जुना कागद कोणत्या नावाखाली पडला असेल, हे सालावरून ठरवावे. दुसरी गोष्ट नंबराची. आजचा गट नंबर घेऊन शंभर वर्षांपूर्वीचे शेत सापडत नाही. १९४७ च्या कायद्याखाली जेथे एकत्रीकरण झाले, तेथे जुने सर्व्हे नंबर मोडून गट पडले. दोहोंचा मेळ एकत्रीकरणाच्या पत्रकात असतो. तो आधी काढावा.

तिसरी गोष्ट नावाची. जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसते. ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘अमुक वलद तमुक’ म्हणजे तमुकाचा मुलगा, आणि ‘अमुक कोम तमुक’ म्हणजे तमुकाची बायको. पाटील हे तर आमच्याकडे अर्ध्या गावाचे आडनाव, त्यावर भिस्त ठेवू नये. बापाचे नाव आणि शेताचा नंबर, या दोन खुंट्यांना दोरी बांधून चालावे. चौथी गोष्ट लिपीची. जुने लिखाण पुष्कळसे मोडीत आहे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत. अंदाजाने वाचाल तर दुसऱ्याचा आजा आपल्या घरात येऊन बसेल! जाणत्याकडूनच वाचून घ्यावे. धुळ्यास इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ जुन्या कागदांसाठी प्रसिद्धच आहे. मोडी शिकण्याची हौस धरणारी आपली मुले निघाली पाहिजेत.

या कागदांविषयी आपल्या पूर्वजांची भावना काय होती, तेही सांगतो. १८५२ साली सरकारने खानदेशात जमिनीची मोजणी आरंभली, तेव्हा सावदा, यावल, एरंडोल या बाजूचे शेतकरी खवळून उठले, आणि ते बंड मोडण्यास फौज लागली. साखळी शेतात आली की सारा वाढणार, हे त्यांना कळत होते. ज्या मोजणीला ते भ्याले, तिच्याच कागदांत आज आम्ही त्यांना शोधतो आहो!

आता आमची हकीकत. १९०३ च्या कायद्यानंतर हक्कनोंदीची पद्धत आली. जमिनीत जो बदल होई तो फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, लिहू लागले. सातबाराच्या उताऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात ते या फेरफारांचे. एकेक आकडा धरून मागे जावे, जसे मुंग्यांच्या रांगेवरून वारूळ सापडते. तसे मागे जाता जाता आम्हास पणजोबा सापडले. मोठे कास्तकार कसले! एका सर्व्हे नंबरात आठ आणे हिस्सा, आणि त्यावरही सावकाराचा गहाणाचा बोजा.

पुढला फेरफार वारसाचा. साल १९१८. त्या साली तापाची जी साथ जगभर फिरली, तीत ते गेले. वारस म्हणून सात वर्षांच्या मुलाचे नाव, म्हणजे आमच्या आजोबांचे, आणि त्यापुढे तीन अक्षरे: अ. पा. क. याचा अर्थ अज्ञान पालनकर्ता. आम्ही श्वास रोखून पुढले नाव वाचले. तेथे भाऊबंदांतील त्या वडील माणसाचे नाव नव्हते. तेथे ‘आई’ असे लिहून आमच्या पणजीचे नाव होते.

गृहस्थहो, ते नाव आमच्या घरात त्या दिवसापूर्वी कोणालाच ठाऊक नव्हते.

आणखी पुढे गेलो. १९२६ सालच्या नोंदीत गहाण फिटल्याचे लिहिले आहे. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा. १९२९ साली तो सज्ञान झाला म्हणून अ. पा. क. चे नाव कमी केले. म्हणजे अकरा वर्षे त्या बाईने शेत राखले, सारा भरला, सावकार फेडला, आणि मुलगा मोठा होताच एका ओळीच्या फेरफाराने ती कागदातून पुसली गेली. तोंडच्या गोष्टीतून तर ती त्याआधीच गेली होती. तिच्या कष्टाचा टिळा तीन पिढ्या भलत्याच्याच कपाळी लागत होता. त्या घराण्याचा दोष आम्ही काढीत नाही. त्यांनीही गोष्ट ऐकली तशीच सांगितली. पण पुरुषावाचून शेत राहूच शकत नाही, अशी जी आपली समजूत, तिने ही गोष्ट रचली हे उघड आहे.

मग ती कोणाची कोण, हे शोधावयाचे राहिले. लग्नाचा कागद म्हणाल तर तो नाही. आपल्याकडे लग्न लागे ते मांडवात, नोंद राही ती लोकांच्या ध्यानात. मुंबई राज्यात लग्ननोंदणीचा कायदा झाला तो १९५३ साली, आणि आजचा कायदा १९९८ चा. त्यापूर्वीच्या लग्नाला आहेराची वही, काही समाजांत भाटाची वही, त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रीच्या उपाध्यायांच्या चोपड्या, एवढाच आधार. घरातल्या म्हाताऱ्यांना सालाऐवजी आठवणीच्या खुणा विचाराव्या. ‘छपन्याच्या दुष्काळानंतर’ म्हणाले तर १९०० नंतर. ‘शारदा कायदा येणार म्हणून घाईने उरकले’ म्हणाले तर १९३० च्या एप्रिलपूर्वी.

आमच्या घरी अशी वहीही नव्हती. वाट सापडली ती शाळेत. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे जन्मगाव लिहितात. आजोबांचे जन्मगाव आमचे गाव नव्हते, पारोळ्याकडचे एक खेडे होते. पहिले बाळंतपण माहेरी होते ही आपली रीत! म्हणजे तेच पणजीचे माहेर. त्या गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, जिला गाव नमुना १४ म्हणतात, १९११ साली मुलगा झाल्याची नोंद व आमच्या पणजोबांचे नाव मिळाले. मुलाचे नाव नाही, आईचेही नाही. पण गाव, साल व बाप जुळले. तेथे गेलो, तर एका म्हाताऱ्या आजीने सांगितले, “आमच्या घरची एक पोर गिरणाकाठी दिलेली होती, तरणी विधवा झाली, पण माहेरी परत आली नाही.” आम्ही तिच्या पाया पडलो.

एकाच कागदावर विसंबू नये, याचे एक नामांकित उदाहरण देतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आपल्या सर्वांच्या आजी. त्यांचा जन्म १८८० साली नागपंचमीचा, असे सांगतात, आणि तारीख पुष्कळ ठिकाणी २४ ऑगस्ट छापतात. पण त्या वर्षी श्रावणी पौर्णिमाच २० ऑगस्टच्या सुमारास होती. मग शुद्ध पंचमी २४ तारखेस कशी येईल? ती १०-११ ऑगस्टच्या सुमारास येते. तिथी व तारीख ताडून पाहावी, हा धडा. त्याही तिशीत विधवा झाल्या, शेत व मुले सांभाळली. लिहिणे त्यांना येत नव्हते. पुत्र सोपानदेव आणि एका मावसभावाने त्यांचे बोल उतरून घेतले म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावे आहे. उतरून घेणारे कोणी नसते तर त्याही विधवांच्या रकान्यातला एक आकडाच राहत्या.

आता कामाची गोष्ट. अलीकडे जुन्या कागदांची किंमत सर्वांस कळली आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली व कुणबी नोंदींसाठी दप्तरांचे गठ्ठे सुटले. जात पडताळणीत अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त भटक्यांस २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा विशेष वजनाचा मानतात. ज्यांना जमीन नव्हती अशा सुतार, कुंभार, न्हावी, परीट बांधवांनी निराश होऊ नये. शाळेचे रजिस्टर, जन्ममृत्यूची वही, ग्रामपंचायतीची घरपट्टीची वही, दुय्यम निबंधकाकडील खते, १९५१ चे रजिस्टर, यांत त्यांची नावे असू शकतात. कागद दाखवीत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने अर्ज करा.

पण दोन गोष्टी हात जोडून सांगतो. एका कचेरीत आम्हास जी वही मिळाली तिची अर्धी पाने वाळवीने खाल्ली होती. म्हणून नक्कल आजच काढा, उद्यावर टाकू नका. आणि कागदावर आपले एक अक्षरही चढवू नका. खाडाखोड केलेला पूर्वज दाखल्यालाही उपयोगी पडत नाही आणि श्राद्धालाही नाही.

घरी गेल्यावर आज रात्रीच एक वही घ्या. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. प्रथम बायांची नावे लिहा, त्यांची माहेरे लिहा, मग पुरुषांची. पुरुषांची नावे सरकारने सारा घेण्यासाठी का होईना, राखली आहेत. बायांची राखणारे आपणच. आमच्या घरी गेल्या अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, घागर भरताना पणजीचे नाव प्रथमच मोठ्याने घेतले. तुमच्याही घरी ते घेतले जावो, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.