जुन्या जंगलाचा हिशेब



जंगल म्हातारे झाले की त्याची वाढ मंदावते, म्हणून ते तोडून नवी झाडे लावावीत, म्हणजे हवेतला कार्बन अधिक वेगाने शोषला जाईल, असा युक्तिवाद जगभर केला जातो. आपल्याकडे जंगलाच्या बदल्यात रोपे लावून हिशेब चुकता केला जातो, तेव्हाही हाच युक्तिवाद मनात असतो. त्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. उदाहरणासाठी मी अमेरिकेच्या ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतली डग्लस फरची जंगले घेतो. महाराष्ट्रात सूचिपर्णी वने नाहीत हे खरे. पण साडेचारशे वर्षांचे जंगल आणि चाळिशीतले रोपवन या दोहोंचे एकाच मुलखात इतके बारकाईने मोजमाप झाले आहे, अशी ठिकाणे थोडीच.

झाड मंदावते ते कशामुळे? पेशी थकतात म्हणून, हे उत्तर पुराव्याशी जुळत नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जुन्या झाडांच्या डहाळ्या कोवळ्या खुंटांवर कलम केल्या, तेव्हा त्या पुन्हा जोमाने वाढल्या; त्या झाडांत स्कॉट्स पाइनही होता. अडचण वयापेक्षा उंचीची दिसते. मायकेल रायन आणि बार्बरा योडर यांनी 1997 मध्ये हेच गृहीतक मांडले. पाणी दहा मीटर वर चढवायचे तर नुसत्या गुरुत्वाकर्षणापोटी सुमारे एका वातावरणाइतका ताण पडतो; साठ मीटरच्या फरला सहा, शिवाय वाहिन्यांतले घर्षण वेगळे. मग उन्हाच्या दुपारी शेंड्याची पर्णरंध्रे लवकर मिटतात आणि पाणी वाचवता वाचवता कार्बन डायऑक्साइडचीही वाट बंद होते. कॅलिफोर्नियातल्या रेडवुडवर तर हा ताण डोळ्यांना दिसतो: खालच्या फांदीवरची पाने लांब, चपटी, त्याच झाडाच्या शेंड्यावरची आखूड, जाड, खवल्यांसारखी डहाळीला चिकटलेली. हे गृहीतक सगळीकडे सारखे लागू पडत नाही, कारण काही झाडे पर्णभार कमी करून निभावून नेतात. तरीही वाढ मंदावणे म्हणजे जंगल निकामी होणे नव्हे, एवढे यातून निश्चित होते.

आता कार्बन. व्याजाचा दर उतरला म्हणून कोणी मुद्दल जाळत नाही; जंगलाच्या बाबतीत मात्र तेच सुचवले जाते. मार्क हार्मन, विल्यम फेरेल आणि जेरी फ्रँकलिन यांनी 1990 मध्ये हा हिशेब मांडला. जुने जंगल तोडून साठ वर्षांच्या तोडीच्या चक्रात आणले, तर हेक्टरमागे सुमारे तीनशे टन कार्बनचा साठा घटतो. ‘लाकूड घरांत जाते, त्यातला कार्बन टिकतोच की’ हा आक्षेप रास्त आहे, पण इमारतींतले लाकूड धरूनही ही घट भरून निघत नाही. बुंध्याचा बराच भाग भुसा, कागद, सरपण होऊन लवकर हवेत परततो, आणि तोडीनंतर काही वर्षे खुंट व मुळे कुजून जमिनीतून जेवढा कार्बन सुटतो, तेवढा रोपांना शोषता येत नाही. उलट जुन्या जंगलात आडवा झालेला फरचा ओंडका शतकभर, कधी त्याहूनही अधिक काळ टिकतो. त्याच्या शेवाळावर हेमलॉकची रोपे रांगेने उगवतात. ओरेगनच्या अँड्र्यूज प्रायोगिक वनात 1985 मध्ये ओंडके कुजण्याचा जो प्रयोग सुरू झाला, तो दोनशे वर्षांसाठी आखला आहे. आपल्या संशोधन-अनुदानाची मुदत आठवून हसू येते. जुनी वने अजूनही कार्बन शोषतात, असे 2008 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले गेले आणि 2021 मध्ये त्या शोषणाचा आकडा फुगवलेला असल्याची टीका तिथेच झाली. मी टीकाकारांचे म्हणणे धरून चालतो. शोषण शून्यावर आले असे मानले, तरी साठा मोडण्याचे समर्थन त्यातून निघत नाही.

पाण्याचा विचार या वादात क्वचितच होतो. डग्लस फरच्या त्या मुलखात पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. अँड्र्यूज वनासह तिथल्या पाणलोटांच्या दीर्घ नोंदी तपासून 2017 मध्ये टिमोथी पेरी आणि ज्युलिया जोन्स यांनी दाखवले, की 34 ते 43 वर्षांच्या रोपवनांतून येणारा उन्हाळी प्रवाह दीडशे ते पाचशे वर्षांच्या जंगलातल्या प्रवाहाच्या जवळपास निम्मा असतो. तोडीनंतर ओढे वाढतात, असे कोणी म्हणेल. वाढतात, पण थोडी वर्षे. नंतर दाटीने उभी तरुण झाडे पाणी ओढू लागतात, आणि कोरड्या दुपारी त्यांची पर्णरंध्रे म्हाताऱ्या झाडांइतकी काटकसर करत नाहीत. ज्या ताणामुळे जुने झाड हळू वाढते, तोच त्याला पाणी जपायला लावतो. वाढ आणि ओढा हे एकाच खात्यातले जमाखर्च आहेत.

सर्वांत वजनदार आक्षेप वणव्याचा: जपलेला साठा आगीत जाईल. कॅस्केड पर्वताच्या पूर्वेकडच्या कोरड्या उतारांवर, पाँडेरोसा पाइनच्या वनांत, हा आक्षेप मला मान्य आहे. तिथे पूर्वी वारंवार लहान आगी लागत. शतकभर त्या विझवत राहिल्याने झाडोरा दाटला, आणि तिथे विरळणी करावी लागते, नियंत्रित आगही लावावी लागते. पण काढायची असतात ती खालची बारीक झाडे. जाड सालीची जुनी झाडेच आगीतून तगतात. पंचाईत अशी, की बारीक झाडांना लाकूड गिरणीत भाव मिळत नाही. विरळणीचा खर्च निघावा म्हणून कंत्राटात हळूच दोन-चार जाड बुंधे घातले जातात.