सामायिक जागांची राखण



सामायिक जागांच्या राखणीवरची ही परिषद पुण्यात भरते आहे याचा मला विशेष आनंद आहे, कारण याच शहरात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

जागा सर्वांची आहे, असे कागदावर लिहून ती सर्वांची होत नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे लोक ते पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला.

आज वस्तीतल्या सार्वजनिक संडासाकडे पाहताना मला महाड आठवते. फीत कापली जाते, फोटो निघतात. पुढे दिवा जातो, दाराची कडी तुटते, पाणी बंद होते. मग धास्तीने बाया संध्याकाळनंतर पाणी पिणे टाळतात आणि मुली पोटात दुखत असले तरी उजाडेपर्यंत थांबतात. अगदीच निकड असेल तर एकजण आत जाते, दुसरी दाराशी उभी राहते. गावाकडे तिन्हीसांजेला एसटीच्या थांब्यावर एकटी उभी असलेली मुलगी हीच धास्ती घेऊन उभी असते.

पुणे महापालिकेने १९९९च्या सुमारास वस्त्यांमधल्या संडासांचे काम संस्थांकडे दिले. 'महिला मिलन' या वस्त्यांमधल्या स्त्रियांच्या गटांच्या भगिनी आणि 'स्पार्क' ही स्वयंसेवी संस्था त्यात उतरल्या. तिथे स्त्रियांची आणि पुरुषांची बाजू वेगळी झाली, लहान मुलांसाठी निराळी सोय झाली आणि राखणदाराच्या कुटुंबाला तिथेच राहायला खोली मिळाली. माझ्या मते या खोलीचे मोल सर्वांत मोठे. तिथे कुणाचा तरी संसार असला की रात्री दिवा लागतो, नळ गळू लागला तर लगेच कळते आणि उगाच घुटमळणाऱ्याला कुणीतरी हटकते. कॅमेरे जरूर लावावेत, पण त्यांच्या भरवशावर माणूस काढून घेऊ नये.

जागा कशी राखायची हे ती रोज वापरणाऱ्यांनाच नीट ठाऊक असते. म्हणूनच पहिल्या सत्रात वस्तीतल्या आणि गावातल्या भगिनी बोलतील; अधिकारी आणि वास्तुविशारद आधी ऐकतील. हा क्रम आम्ही आग्रहाने ठेवला आहे. निवास-भोजनात काही उणे वाटले तर हक्काने सांगा. अध्यक्षांनी आता परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.