शिवीचा पाहुणचार



वसतिगृहातल्या एका मुलाने काल मला विचारले, "सर, कोणी जातीवरून टोमणा मारला की रक्त उसळते. शांत राहायचे म्हणजे मुकाट ऐकून घ्यायचे का?" प्रश्न खरा आहे. आज त्यावरच बोलतो.

संयुत्त निकायात भारद्वाज ब्राह्मणाची हकीकत आहे. आपल्या गोत्रातला एक जण भिक्खू झाला म्हणून तो चिडला आणि राजगृहाच्या वेळुवनात येऊन तथागतांना वाटेल तसे बोलला. तथागतांनी विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात का? कधी कधी येतात. त्यांना जेवण वाढतोस का? वाढतो. त्यांनी ते घेतले नाही तर कोणाचे? आमचेच. तशीच ही शिवीही तुझ्यापाशीच राहिली. इथवर आपण सर्वांनी ऐकलेले असते. पुढचे फारसे कोणी सांगत नाही. शिवीला जो उलट शिवी देतो तो त्या यजमानाबरोबर जेवायला बसतो, असे तथागत म्हणाले. आणि मित्रहो, हेही पाहा की ते गप्प बसले नाहीत. त्यांनी प्रश्न विचारला. तोच भारद्वाज पुढे भिक्खू झाला.

मी नोकरीला लागलो तेव्हा एका वरिष्ठाने चारचौघांत म्हटले, "कोट्यातल्या लोकांचे टिपण असेच असायचे." खोटे कशाला सांगू, शिवी ओठांवर आली होती. पण कागद पुढे सरकवून म्हणालो, "साहेब, चूक कोणत्या ओळीत आहे?" त्यांना वाचावे लागले. चूक एकच निघाली, तारखेची. ती मी दुरुस्त केली.

20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उचलू दिला नाही. पण म्हणून विषय सोडलाही नाही. पाण्याच्या हक्काचा दावा ते 1937 पर्यंत, उच्च न्यायालयापर्यंत लढले.

आज तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. लोकांदेखत जातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा आहे. म्हणून त्या मुलाला मी सांगितले, बोललेले शब्द जसेच्या तसे, तारीख, वेळ आणि जवळ कोण होते ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेव. तक्रार कशी लिहायची हे ज्यांना शिकायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात थांबावे. येताना कोरे कागद आणावेत.