बाप विचारू नका, मशीन उघडा
(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय सांगितला तेव्हा मागच्या बाकावर खसखस पिकली, ती मला ऐकू आली. इथं भाकरीची पंचाईत आणि हा गडी लाखालाखाच्या घड्याळांवर बोलतोय! बोलणारच. मनगट बघून माणसाला खुर्ची द्यायची की दारातच उभं करायचं हे ठरवणारे लोक आहेत, तोवर घड्याळ हा आपलाही विषय आहे. आणि आपल्यातली काही पोरं हा उद्योग शिकलीत, हे मला ठाऊक आहे.

उद्योग म्हणजे काय? सुटे भाग आणून घड्याळ जुळवायचं. जगभर ही हौस आहे. जपानच्या सेइकोचं एनएच ३५ मशीन बाजारात सुटं मिळतं. २४ ज्वेल, तासाला २१,६०० ठोके, चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो. केस, डायल, काटे, काच वेगवेगळ्या ठिकाणांहून, बहुतेक चीनमधून. मग बसा भिंग डोळ्याला लावून. तारीख पलटते त्या क्षणाला मशीन आणून ठेवायचं आणि मगच काटे बारावर बसवायचे, नाहीतर तारीख भर दुपारी बदलते. चावीचा दांडा लांब येतो. तो एका झटक्यात कापायचा नाही, कानसेनं घासत घासत मापात आणायचा, कारण कापलेला दांडा वाढत नाही. डायलवर बोट टेकलं की डाग कायमचा. काटे एकमेकांना घासले की घड्याळ थांबलंच. एकेका घड्याळाला रात्र जाते. ज्यानं हे केलं त्याला कुणी अडाणी म्हणू नये.

इथवर सगळं रास्त. गडबड होते ती डायलवर. तिथं पाच रोमन अक्षरं छापली, वर मुकुट काढला, की काही हजारांचं घड्याळ रोलेक्स होतं. मशीनला याचा पत्ताही नसतो. ते आपलं सेकंदाला सहा ठोके देत राहतं.

म्हणून पारखणारा आधी ठोके ऐकतो. रोलेक्सची आजची मशीनं तासाला २८,८०० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला आठ. तारखेवरचं भिंग अक्षर अडीचपट दाखवतं. काचेत सहाच्या आकड्यापाशी लेझरनं कोरलेला बारीक मुकुट असतो. पण हे सगळं नकल करणाऱ्यांनाही पाठ आहे. त्यांनी आठ ठोक्यांची मशीनं आणली, आतल्या चाकांचा लाल रंगसुद्धा आणला. वर काही हौशी लोक नकली केसमध्ये एखादी असली चावी, असली काच घालतात. दोन हात फिरल्यावर त्यातलं खरं किती आणि खोटं किती, हे मालकालाही सांगता येत नाही.

मग बाजार म्हणतो, कागद दाखवा. नंबर दाखवा. घराणं दाखवा. आडनाव विचारून पाण्याचा पेला पुढे करणाऱ्या देशातल्या माणसाला ही भाषा वेगळी शिकवावी लागत नाही.

या कागदाचं काय होतं ते ऐका. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात ओमेगाचं १९५७ सालचं स्पीडमास्टर निघालं. अंदाज ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँकचा. गेलं किती? ३१ लाख १५ हजार ५०० स्विस फ्रँकला. घेणारं कोण? खुद्द ओमेगा, आपल्या म्युझियमसाठी! २०२३ मध्ये बिंग फुटलं. घड्याळ निरनिराळ्या भागांची जुळवाजुळव होतं. मशीनवरचा नंबर कंपनीच्या दप्तराशी जुळला होता, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याच तीन माजी नोकरांचा यात हात होता, असं कंपनीनंच सांगितलं. म्हणजे ज्यांच्या हाती दप्तर, तेच जन्मदाखले वाटणारे. गल्लीतल्या पोरानं हे केलं तर तो चोर, आणि यांची कोट्यवधींची जुळवणी पुरी दीड वर्षं ऐतिहासिक ठेवा म्हणून मिरवली.

आणि स्विस लोकांचा इतिहास तरी काय सोवळा आहे? १८ व्या शतकात लंडनच्या घड्याळाला भाव होता, तेव्हा जिनिव्हाकडचा माल 'लंडन' असं कोरून विकला जायचा. १९ व्या शतकात अमेरिकेच्या वॉल्थमचा बोलबाला झाला, तर त्याच्याशी मिळतीजुळती नावं स्विस मालावर चढली. पॅरिसच्या ब्रेगेला १७९५ च्या सुमारास डायलवर चोरसही करावी लागली, तिरप्या उजेडातच दिसणारी. आता तेच 'स्विस मेड'चे पहारेकरी. २०१७ पासून त्यांचा नियम आहे की उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला हवा. उरलेल्या ४० टक्क्यांत कुणाचे हात लागले, ते डायलवर लिहायची सक्ती नाही.

आपल्या दारात या. 'बॉम्बे स्पेशल' हा शब्द आज परदेशातल्या जुनी घड्याळं गोळा करणाऱ्यांच्या तोंडी शिवीसारखा आहे. फेवर ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ पासून हिंदुस्थानात माल विकत होती. एचएमटीनं १९६१ पासून बंगलोरला घड्याळं काढली, २०१६ मध्ये सरकारनं तो धंदा गुंडाळायचं ठरवलं. या दोन्हींची लाखो जुनी मशीनं इथं पडून होती. मुंबईच्या कारागिरांनी ती साफ केली, डायलवर नवा भडक रंग दिला, केसला पॉलिश मारलं. पॉलिशनं केसच्या कडा गोल होतात आणि नव्या छपाईची अक्षरं जाड येतात, पारखणारा तिथंच धरतो. मला विचाराल तर मेलेलं मशीन चालू करणं हा गुन्हा नाही, ती विद्या आहे. 'जुनं, ओरिजिनल' म्हणून विकणं ही मात्र लबाडी. आणि त्या लबाडीचा मलिदा बहुतेकदा रंग देणाऱ्याला मिळत नाही, फोटो काढून परदेशात विकणाऱ्याला मिळतो.

आता एक हुशार मित्र म्हणेल, श्रीमंतांचं नाव लुटलं तर काय बिघडलं? हीच क्रांती! अरे, लुटलं कुणाला? रोलेक्सच्या मालकाची झोप तुझ्यामुळे उडाली नाही. फसला तो रिक्षावाला, ज्यानं पोराच्या लग्नासाठी साठवलेले पैसे 'असली आहे, अर्ध्या भावात' म्हणून मोजले. पकडला जाशील तू, कारण १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटं नाव लावणं गुन्हा आहे. आणि रात्र जागून केलेल्या कामावर तू तुझ्याच हातानं दुसऱ्याचं नाव छापलंस, त्याचं काय? ज्यांनी आपल्या बापजाद्यांच्या कामावर कधी आपलं नाव येऊ दिलं नाही, त्यांची ही फुकटची चाकरी झाली.

मी जुळवतो त्या घड्याळांच्या डायलवर नाव नसतं. मागच्या झाकणावर आतून कोरलेलं असतं: मशीन जपानचं, केस चीनची, जुळवणी कुणाची आणि साल. विकलं तर हे आधी वाचून दाखवतो. गिऱ्हाईक कमी येतात, हे खरं आहे.

टेबलावर तीन घड्याळं ठेवलीत. एक माझं, एक रंग दिलेलं जुनं एचएमटी, एक नकली रोलेक्स. तिन्हींची झाकणं सैल केलीत. भिंग एकच आहे, तेव्हा रांगेनं या, आणि डायलला बोट लावू नका.