यंत्रावरची चाल आणि बधिर होणारें पाऊल

भोसरी, आकुर्डी आणि चाकण येथील कारखान्यांची दिवसपाळी सुटली म्हणजे कामगारांना घेऊन बसगाड्या निगडी, चिंचवड, पिंपळे सौदागर या वस्त्यांकडे धांवूं लागतात. त्यांतून उतरलेली कांहीं मंडळी घरीं चहा घेऊन पुन्हां बाहेर पडतात व कोपऱ्यावरच्या जिममध्यें शिरतात. तेथें फिरत्या पट्ट्यावर धांवणारीं, पायऱ्यांच्या यंत्रावर चढणारीं, पण जागचीं न हलणारीं माणसें रांगेनें उभीं असतात. १५-२० मिनिटें होतात न होतात, तोंच त्यांपैकीं कित्येकांच्या चवड्यांना मुंग्या येऊं लागतात; मग बोटें जड होतात, आणि शेवटीं पाऊल जणूं दुसऱ्याचेंच आहे असा भास होतो. कोणी म्हणतो, रक्त पोंचत नाहीं. कोणाला वाटतें, मधुमेह जडला. आणि कोणी तें मनावरच घेत नाहीं. घाबरणारा आणि बेफिकीर राहणारा हे दोघेहि चुकण्याचा संभव असतो. बधिरपणा वरून एकच दिसला, तरी त्याचीं कारणें दोन जातींचीं आहेत. एक जात बुटाची व यंत्राची, दुसरी शरीराच्या आंतली. या दोहोंची पारख कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या यंत्रांचा पूर्वज मोठा चमत्कारिक आहे. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्रज इंजिनिअरानें तुरुंगांतील कैद्यांसाठीं पायचक्की योजिली. कैद्यांनीं फिरत्या पायऱ्यांवर तासन् तास चढत राहावें, आणि पोंचूं मात्र कोठेंच नये, अशी ती शिक्षा होती. तिलाच ट्रेडमिल म्हणत. आज त्याच नांवाच्या यंत्रावर माणसें पैसे मोजून आपखुषीनें चढतात, आणि त्यांत हृदयाचा व फुफ्फुसांचा फायदाहि आहे. परंतु त्या जुन्या चक्कीचा एक गुण या यंत्रांत उरला आहे: तेंच पाऊल, त्याच जागीं, त्याच कोनांत पुन्हां पुन्हां पडतें. बधिरपणाचें पहिलें मूळ येथें आहे.

पावलाच्या पुढील भागांत बोटांकडे जाणारीं पांच लांब हाडें असतात, आणि त्यांच्या मधून बोटांना संवेदना देणाऱ्या मज्जातंतूंच्या बारीक शाखा जातात. रस्त्यानें चालतांना टाच टेकते, भार चवड्यावर येतो, आणि लगेच पाऊल उचललें जाऊन तंतूंवरील दाब सुटतो. रस्त्याचा चढ-उतार व वळणें यांमुळें तो दाब जागाहि बदलतो. उलट, क्रॉस-ट्रेनर नांवाच्या यंत्रावर पाऊल पट्टीवरून उचललेंच जात नाहीं. सारा भार चवड्यावर सतत राहतो. व्यायामानें पावलांत रक्त अधिक खेळतें व पाऊल किंचित् फुगतें. बूट मात्र फुगत नाहीं. नाडी करकचून आंवळली असेल तर वरूनहि दाब बसतो. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, त्यांतलाच हा प्रकार. त्यांतून जो माणूस आठ तास पोलादी टोपीचे सेफ्टी शूज घालून कारखान्याच्या कठीण फरशीवर उभा राहिला, तो तर आधींच सुजलेल्या पावलांनिशीं यंत्रावर चढतो. तालमींतल्या तांबड्या मातींत अनवाणी पावलाला बोटें पसरावयास जागा असते. ती येथें मिळत नाहीं.

या जातीच्या बधिरपणावर उपाय सोपे आहेत. बूट सायंकाळीं, म्हणजे पाऊल फुगलेलें असतांना, विकत घ्यावेत; पुढें बोटें मोकळीं हलावींत इतकी रुंदी असावी. चवड्याजवळची नाडी सैल ठेवून घोट्याजवळ बेताची बांधावी. क्रॉस-ट्रेनरवर दर चार-पांच मिनिटांनीं बोटें हलवावींत, भार टांचेकडे न्यावा, कांहीं वेळ यंत्र उलट्या दिशेनें फिरवावें. अर्धा तास एकाच यंत्रावर घालविण्याऐवजीं दोन यंत्रांत वांटून घ्यावा. एवढ्यानें मुंग्या थांबल्या, किंवा उतरून बूट काढतांच थोड्या वेळांत पाऊल पूर्ववत् झालें, तर दोष बहुधा बुटाचा व दाबाचा समजावा. मात्र बूट बदलूनहि तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्यें जळजळ होत राहिली, तर तेथील तंतु जाड झाला असण्याचा संभव असतो. अमेरिकन शस्त्रवैद्य थॉमस मॉर्टन यानें १८७६ सालीं या दुखण्याचें वर्णन केलें. तें वैद्यकीय इलाजानें आटोक्यांत येतें.

आतां दुसरी जात. यंत्राशीं संबंध नसतां, रात्रीं अंथरुणांतहि दोन्ही तळवे बधिर राहतात, मोजा घातल्यासारखें वाटतें, बधिरपणा आठवड्यामागून आठवडे वर चढतो. तेव्हां बूट बदलण्यांत वेळ दवडूं नये. अशा वेळीं रक्तांतील साखर व ब-१२ जीवनसत्त्व हीं दोन्ही तपासून घ्यावींत. या दुसऱ्या गोष्टीचा पुणें परिसराशीं निकट संबंध आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुणें परिसरांतील खेडीं, झोपडपट्ट्या व शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ पुरुषांची पाहणी करून ती २००६ सालीं प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळलें, आणि शहरी मध्यमवर्गांत तर हें प्रमाण ८१ टक्के भरलें. हें जीवनसत्त्व भाजीपाल्यांत व धान्यांत नसतें. तें दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस यांतून मिळतें. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हें औषध वर्षानुवर्षें घेणाऱ्यांतहि तें कमी होऊं शकतें. म्हणून औषध आपल्या मनानें बंद करूं नये. डॉक्टरांना विचारून तपासणी करावी. उणीव वेळींच भरून काढली तर तंतु सुधारतात. फार उशीर झाला तर कांहीं हानि कायमची राहते.

मधुमेहाचा धोका याहून कठोर आहे. बधिर पावलाला खडा टोंचत नाहीं, बुटाचा फोड दुखत नाहीं, आणि न दुखणारी जखम चिघळत जाऊन पाय गमावण्यापर्यंत मजल जाते. मधुमेह्यानें म्हणूनच रोज रात्रीं दिव्याखालीं तळवे पाहावेत, आणि व्यायाम अनवाणी करूं नये. अंगावर फिकट वा लालसर चट्टा असून त्यास स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी लाज न बाळगतां करावी. त्याचें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें व रोग बरा होतो. तंबाखू ओढणाऱ्याची पोटरी चालतांना आंवळून येत असेल व थांबतांच सुटत असेल, तर रक्तवाहिन्या तपासाव्यात. आणि एका बाजूचे हातपाय एकाएकीं लुळे पडले, किंवा कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आंतील भाग बधिर होऊन लघवी अडली, तर तासाचाहि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.

मुंग्या आल्या म्हणून व्यायाम सोडण्याचें कारण नाहीं, आणि व्यायाम चालूं आहे म्हणून मुंग्यांकडे दुर्लक्ष करणेंहि शहाणपणाचें नाहीं. यंत्रावरचा आंकडा किती अंतर झालें तें सांगतो. पाऊल कसें आहे तें तो सांगत नाहीं. तें पाहण्यासाठीं उतरल्यावर बूट-मोजे काढून दोन मिनिटें बसावें, बोटें हलवावींत, तळव्यावरून बोट फिरवून स्पर्श कळतो कीं नाहीं तें पाहावें. स्पर्श परत आला तर उद्यां नाडी सैल बांधावी. तो परत येत नसेल तर उद्यां जिमला जाण्याआधीं दवाखान्यांत जावें.